चार्जिंगची वायर काढणाऱ्यांचा व्हिडिओ

मंडळी, आज दुपारी शेजारच्या कौसाकाकूंची आजारी म्हैस, काकूंना सोबत घेऊन, माझ्या इलेक्ट्रिक पिकअपमधून लातूरच्या दवाखान्यात नेत होतो. बॅटरी उतरली म्हणून औशाजवळ एका ढाब्यावर गाडी चार्जिंगला लावली आणि डॉक्टरांना फोन करायला बाजूला गेलो.

परत आलो तर वायर खाली पडलेली. काकू म्हणल्या, "त्या दोघांनी काढली. चार्जिंग झालं म्हणले."

डिझेल गाडीवाले दोघं मोबाईलवर व्हिडिओ काढत हसून राहिलते. "काय भाऊ, खेळणं दमलं का?"

वायर परत लावली, पण चार्जिंग होईपर्यंत म्हशीनं गाडीतच जीव सोडला. काकू तरी तिला पदरानं वारा घालतच राहिल्या.

तो व्हिडिओ आता आपल्याच ग्रुपवर आलाय. मागं म्हशीला वारा घालणाऱ्या काकू स्पष्ट दिसतात. लई जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्यात. सांगा, हसू नेमकं कशाचं आलं?