पुलाच्या रेकॉर्डमधला श्वास

ओबारा तेत्सुओचे कान मी चाळीस वर्षं सांभाळले आहेत. मी न्हावी. माझं दुकान मोरिओकाला नाकात्सु नदीच्या अलीकडे, आणि भिंतीला भिंत लागून त्याचं ‘कोमिची’. कोमिची म्हणायला कॉफीचं दुकान, पण कॉफीसाठी तिथं कुणी जात नाही. माणसं जातात ती जॅझच्या रेकॉर्डी ऐकायला. सगळ्या खुर्च्यांची तोंडं समोरच्या कपाटाएवढ्या दोन स्पीकरांकडे, आणि संध्याकाळी सहापर्यंत बोलायला बंदी. कुणी कुजबुजलं तर मास्टर मागं वळूनही बघत नाही, नुसता हात वर करतो. त्याला सगळे मास्टरच म्हणतात. मीही म्हणतो, चिडलो की तेत्सुओ म्हणतो.

दिवसभर तोंडाला कुलूप, त्यामुळे त्याचं बोलणं साठून राहायचं आणि दर तिसऱ्या आठवड्याला माझ्या खुर्चीत बसला की बाहेर पडायचं. म्हणून त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

गोष्ट एका रेकॉर्डची. अमेरिकेतल्या कुणा पियानोवाल्याची; त्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही. वेष्टनावर पुलाचं चित्र आहे, म्हणून आमच्यात तिचं नाव पुलाची रेकॉर्ड. तेत्सुओ एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजात नावापुरता जात होता, आणि कोमिची तेव्हा आधीच्या मालकांचं, थोरल्या मास्टरांचं होतं. तिथं त्यानं ती पहिल्यांदा ऐकली. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपतं, क्षणभर शांतता होते आणि मग एक संथ गाणं सुरू होतं. त्या शांततेत पियानोवाला श्वास घेतो, असं त्याचं म्हणणं.

“खोल, भरून घेतलेला श्वास,” तो सांगायचा, “आणि मग पहिला सूर. तो श्वास ऐकला आणि मी ठरवलं, आपण जगायचं ते ह्याच्यासाठी.”

“श्वासासाठी तर सगळेच जगतात,” मी म्हणायचो. तो हसायचा नाही.

थोरले मास्टर गेल्यावर त्यांच्या मुलानं सगळ्या रेकॉर्डी टोकियोच्या एका व्यापाऱ्याला गठ्ठ्यानं विकल्या. तेत्सुओनं दुकान घेतलं, खुर्च्या घेतल्या, स्पीकर घेतले. पुलाची रेकॉर्ड नवी विकत आणली. तीत श्वास नव्हता.

तिथून हे खूळ लागलं. त्याचं शास्त्र असं, की रेकॉर्ड साच्यात दाबून काढतात. साचा ताजा असतो तेव्हा बारीकसारीक सगळं उतरतं; साचा झिजला की आवाजही झिजतो. त्यातही अमेरिकेत काढलेली वेगळी, जपानात काढलेली वेगळी, हॉलंडची आणखी निराळी. कुठली कुठल्या साच्यातली, ते रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या कागदाजवळ खरवडलेल्या आकड्यांवरून ओळखायचं. थोरल्या मास्टरांच्या रेकॉर्डवर कुठला आकडा होता, हे मात्र कुणालाच माहीत नाही. म्हणजे आंधळ्यानं अंधारात सुई शोधायची. चाळीस वर्षांत त्यानं दहा आणल्या. प्रत्येक वेळी खुर्चीत येऊन बसायचा, आणि त्याची मान बघूनच मला कळायचं.

“अरे, लोकांना विचार ना,” मी एकदा म्हटलं. “सेंडाईचे ते तिघं रेकॉर्डवेडे येतात, त्यांना माहीत असेल.”

“वेडा आहेस? मी काय शोधतोय ते कळलं, तर माझ्याआधी तेच उचलतील.”

ह्या मंडळींचा हाच खाक्या. आयुष्यभर एका वस्तूच्या मागं धावतील, पण कुठली ते सख्ख्या भावाला सांगणार नाहीत.

“मित्सुएला तरी सांगितलंस का?”

“तिच्या पोटात काही राहत नाही.”

मित्सुए त्याची बायको. थोरल्या मास्टरांच्या काळी ती काउंटरमागं कॉफी करायची. तिथंच दोघांचं जमलं. दुकान हाती आलं तेव्हा ती म्हणाली, “रेकॉर्डी शिजवून खाता येत नाहीत,” आणि शहराच्या पाणीखात्यात नोकरीला लागली. संसार तिच्या पगारावर उभा राहिला. ती निवृत्त झाली तरी काउंटरमागं कधी आली नाही, कारण त्यानं कधी बोलावलं नाही. कॉफी तोच करायचा, आणि खरं सांगायचं तर ती पिण्यालायक नसायची.

मागच्या हिवाळ्यात एकदा मी त्याच्या डाव्या कानामागं वस्तरा फिरवत काहीतरी म्हटलं आणि त्यानं “काय?” विचारलं. परत म्हटलं. परत “काय?”

“डॉक्टर म्हणतात, बारीक आवाज जाणार,” तो आरशात बघत म्हणाला. “डावा गेलाच आहे. उजवा वर्षभर टिकेल.” मग जरा थांबून, “एकदा ऐकायला मिळावा रे तो श्वास. मग खुशाल जाऊ देत दोन्ही.”

इतकी वर्षं मी त्याची टर उडवली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

फेब्रुवारीत त्याला हाकोदातेच्या एका म्हाताऱ्याच्या घरातली अकरावी रेकॉर्ड मिळाली. अगदी पहिल्या साच्यातली, असा आकडा. ती आणायला पोस्टात गेला आणि येताना बर्फावर घसरला. रेकॉर्ड छातीशी धरली होती, तिला ओरखडा नाही. उजवं मनगट मात्र मोडलं. प्लास्टरच्या हातानं किटली उचलेना, म्हणून मित्सुए काउंटरमागं उभी राहिली.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. दुपारी मी खुर्च्यांच्या मागं, काउंटरशी बसलो होतो. तेत्सुओ पहिल्या खुर्चीत, डोळे मिटून, स्पीकरांकडे तोंड करून. दुसरी बाजू लागली. दुसरं गाणं संपलं, शांतता झाली आणि त्या शांततेत स्पष्ट, खोल श्वास ऐकू आला. मग पहिला सूर.

तेत्सुओच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. मी मात्र काउंटरशी होतो. मला मित्सुएचे खांदे वर गेलेले दिसले. हातात किटली, छाती भरलेली, श्वास रोखलेला, आणि कापडाच्या गाळणीवर दोऱ्याइतकी बारीक धार, तिचा जरासुद्धा आवाज नाही. कप भरल्यावरच तिनं श्वास सोडला.

मी गप्प बसलो. तिथं बोलायला बंदी होती म्हणून नव्हे. त्या माणसाचा तो आनंद मोडायला माझी जीभ रेटेना.

माझं चुकलंच. त्यानं उत्साहानं सेंडाईच्या तिघांना रविवारी ऐकायला बोलावलं. त्या रविवारी मित्सुए बहिणीकडे गेली होती. तिघांनी ऐकलं, माना डोलावल्या. “आवाज फारच सुरेख आहे,” म्हणाले. श्वासाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तेत्सुओनं तीनदा लावली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. केस कापायचे नव्हतेच. दुकान बंद असूनही खुर्चीत येऊन बसला.

“गेले कान,” म्हणाला. “त्या सोमवारी ऐकलं तो भास होता. आता दुकान बंद करतो. ज्याला ऐकू येत नाही त्यानं लोकांना काय ऐकवायचं?”

मला असा संताप आला! त्याचा, आणि त्याहून माझा.

“तेत्सुओ, तुझे कान शाबूत आहेत. अक्कल गेली आहे. ऊठ!”

“कुठं?”

“तुझ्याच दुकानात. आणि ती हाकोदातेची लावायची नाही. गिऱ्हाइकांसाठी वापरतोस ना ती खरखरणारी, ती लाव.”

“तिच्यात काय आहे? तिचा साचा झिजलेला…”

“लाव म्हणतो ना!”

मित्सुए काउंटरमागं होती. कोपऱ्यात दोन गिऱ्हाइकं डोळे मिटून बसली होती. त्यानं ती जुनी रेकॉर्ड लावली आणि आपल्या जागी बसला. मी त्याच्या मागं उभा. दुसरं गाणं खरखरत संपलं. शांतता झाली तसे मी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला खुर्चीसकट काउंटरकडे फिरवलं.

रेकॉर्ड चालू असताना त्यानं स्पीकरांकडे पाठ केली नव्हती, चाळीस वर्षांत एकदाही नाही. त्यानं बघितलं. बायकोचे खांदे वर गेले, श्वास आला, पहिला सूर आला, आणि धार सुरू झाली.

मित्सुएनं मान वर केली तर आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. तिनं भुवया उंचावल्या. पण रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, हा नियम त्यानंच घातलेला. संथ गाणं साडेसात मिनिटांचं, त्यानंतर आणखी एक. तेवढा वेळ तो तिच्याकडे बघत बसला आणि ती एकच कप पुसत राहिली.

सुई उचलल्यावर तो काउंटरशी गेला. गिऱ्हाइकांसमोर, सहा वाजायच्या आत, तो बोलला.

“तू श्वास घेतेस.”

“मग काय घेऊ नको?”

“त्या गाण्याच्या आधी.”

“थोरल्या मास्टरांना त्या गाण्याबरोबर कॉफी लागायची,” ती म्हणाली. “पाण्याचा आवाज झाला तर डोळे वटारायचे. श्वास रोखला की हात थरथरत नाही. ते गाणं आलं की अजून हात आपोआप किटलीकडे जातो. का हो?”

मग त्यानं सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांचा होता तिथपासून हाकोदातेपर्यंत. मित्सुए ऐकत होती. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

“देशोदेशीच्या अकरा रेकॉर्डी आणल्यात,” ती म्हणाली. “मी रोज घरातच होते. एकदा म्हणाला असतात, मित्सुए, जरा कॉफी कर, तर?”

त्यानं मान खाली घातली. मी काउंटरवरचा कप उचलला आणि तोंडाला लावला.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं, पण किटली मित्सुएकडेच राहिली. कोमिचीची कॉफी आता पिण्यालायक झाली आहे. आवाजाच्या बाबतीत सर्वांत चांगली अकरावीच, हे तो अजून ठासून सांगतो, आणि तेही खरं असेल. पहिली खुर्ची मात्र त्यानं काउंटरकडे तोंड करून ठेवली आहे. नवीन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं.

हिवाळा यायच्या आत त्याचा उजवा कानही गेला. मोठे सूर ऐकू येतात, बारीक काही नाही. पुलाची रेकॉर्ड तो रोज लावतो. दुसरं गाणं संपलं की बायकोकडे बघत बसतो, आणि तिचे खांदे वर गेले की डोळे मिटतो.