चित्र स्वच्छ होतं, म्हणूनच शंका आली

मंडळी, आज काळेवाडीतल्या एका दुकानदाराने पेन ड्राइव्हवरचे मालिकेचे बारा भाग एकाच डीव्हीडीवर बसवून दिले. वडिलांना डिस्क बदलणं जमत नाही, म्हणून एकच हवी होती.

दुकानातच लावून पाहिली, तर चित्र एकदम स्वच्छ. एवढं दाबून बसवलं, मग कात्री लावली कुठं?

मी डोळे मिटून ऐकलं. मालिकेतली माणसं जणू पत्र्याच्या डब्यातून बोलत होती.

"बारा भाग मावायला आवाज जरा दाबलाय भाऊ. गिऱ्हाईक चित्रच बघतं."

"राव, आमच्या वडिलांना दिसत नाही. ते ऐकतात."

त्याने डिस्क बाहेर काढली. मग म्हणाला, "बसा. आता चित्र दाबतो."

बसलो. पण बाराही भाग थोडे थोडे ऐकल्याशिवाय उठलो नाही.

तुमच्या घरात टीव्ही नुसता ऐकणारं कोणी आहे का?