डोंगरावरच्या गावात मुलगी बघणे

मुलगी बघायला लोक दुपारी येतात, पोहे खातात, चार प्रश्न विचारतात आणि दिवेलागणीच्या आत निघून जातात. ही पद्धत किती अपमानास्पद आहे, यावर मी कॉलेजात असताना फार तावातावाने बोलत असे. अर्थात मनातल्या मनात. पुढे मला इटलीत बघितलं गेलं आणि तासाभरात उरकणाऱ्या त्या जुन्या पद्धतीबद्दल मला नितांत आदर वाटू लागला.

कल्पना बाबांच्या ऑफिसातल्या एका मध्यस्थाची होती. मुलगा अमेरिकेत, त्याचे आईवडील एका मराठी कंपनीच्या टूरबरोबर युरोपला निघालेले आणि बाबा नुकतेच रिटायर झालेले. "तुम्हीही त्याच टूरला जा," मध्यस्थ म्हणाले, "सहज बघणं होईल, मुलीला दडपण येणार नाही." मुलीला दडपण येऊ नये म्हणून तिला होणाऱ्या सासूबरोबर एका बसमध्ये बसवायचं आणि ती बस युरोपभर फिरवायची. बायोडाटात माझ्या नावापुढे 'शांत स्वभाव' असं लिहिलं होतं. मी कमी बोलते हे खरंच होतं. शाळेत त्याला रिझर्व्ड म्हणायचे आणि नातेवाईक घुमी म्हणायचे. लग्नाच्या बाजारात तोच माल शांत म्हणून खपतो, हे मला नवीन होतं.

निघायच्या आधी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी आम्हाला सूचना दिल्या. राहायला कुठे विचारलं तर वसई म्हणायचं. स्टेशनच्या पूर्वेला म्हणायची गरज नाही. आणि गिरीजचा विषय काढायचा नाही.

"का?" आई बॅगेत मेतकुटाची पिशवी कोंबत म्हणाली.

"उगाच शेतकरी वाटतो आपण."

गिरीज आईचं माहेर. केळीची, नारळाची, भाजीची वाडी, कौलारू घर, पुढे ओटा. आमच्या सोसायटीतून रिक्षा आणि एसटी करून जाता येईल इतकं जवळ, पण सोसायटीत सगळे त्याला 'तुमचं गाव' म्हणायचे, जणू आम्ही मे महिन्यात ट्रंका घेऊन जात होतो. आई सोसायटीत एक मराठी बोलायची आणि गिरीजच्या ओट्यावर पाय टेकताच दुसरी. मला दोन्ही समजतात. इंग्लिश मीडियममुळे दोन्ही धड बोलता येत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

टूरवर मुलाची आई, म्हणजे काकू, पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारच्या सीटवर होत्या. त्यांनी माझं चालणं बघितलं, खाणं बघितलं, हॉटेलच्या नाश्त्याला मी किती लोणी घेते ते बघितलं. त्यांच्या गळ्यात एक नवाकोरा डिजिटल कॅमेरा असायचा. प्रत्येक शहरात मला कशाच्या तरी पुढे उभं करून त्या फोटो काढायच्या आणि हॉटेलात कॉम्प्युटर मिळाला की टूर मॅनेजरला कामाला लावून मुलाला पाठवायच्या. मुलगा म्हणे बर्फाचे फोटो फार आवडले असं कळवायचा.

इटलीत शहरं झाली, पुतळे झाले, आणि मग टूर मॅनेजरने माइकवरून जाहीर केलं की आता आपण 'खरीखुरी इटली' बघणार. खरीखुरी इटली डोंगरावर होती. बस पायथ्याशी थांबली आणि गुडघ्यांबद्दल तक्रार करत सगळी टूर दगडी पायऱ्या चढून एका जुन्या गावात शिरली.

गाव सुंदर होतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. मधाच्या रंगाची दगडी घरं, अरुंद गल्ल्या, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, पायऱ्यांवर झोपलेली मांजरं. काकूंना तर काय बघू आणि काय नको असं झालं होतं. एका गल्लीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी बांधून कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. काकूंनी त्या चादरींचे फोटो काढले. "किती जिवंत वाटतं ना! किती आपलेपणा!" त्या म्हणाल्या. आमच्या सोसायटीत बाल्कनीबाहेर टॉवेल दिसला तर नोटीस येते. पण तो इटालियन टॉवेल नसतो.

"सगळं जपलंय यांनी," काकू म्हणाल्या. "नाहीतर आपण!" 'आपण' हा शब्द त्या टूरवर शिवीसारखा वापरला जात होता.

चौकात एक जुनी विहीर होती. वर लोखंडी जाळी, जाळीवर पुन्हा कुंड्या. काकू कठड्याला टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "अशा ठिकाणी राहायला मिळालं ना, तर आयुष्यात आणखी काही मागणार नाही मी."

आणि इतके दिवस गप्प राहिलेली आई बोलून गेली, "आमच्या गिरीजला आहे अशी विहीर. मोटर बसवली, पण रहाट अजून काढला नाही."

बाबा लगेच चर्चचा मनोरा निरखू लागले.

"गिरीज म्हणजे?" काकूंनी डोळे उघडले.

"माझं माहेर. वाडी आहे. केळी, नारळ, थोडी भाजी."

"अच्छा." काकूंनी आईला पायांतल्या स्पोर्ट्स शूजपासून पदरापर्यंत नव्याने बघितलं. "म्हणजे तुम्ही गावाकडचे. आम्हाला वाटलं, मुंबईजवळचे." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे अजून टँकरच येतो ना गं पाण्याचा?"

"नाही, नाही, आता धरणाचं पाणी आलंय," बाबा मनोऱ्यावरून घाईघाईने खाली आले.

हे संभाषण, मी पुन्हा सांगते, एका गावात चाललं होतं. ते गाव बघण्यासाठी काकू समुद्र ओलांडून आल्या होत्या.

विहिरीमागच्या भिंतीवर एक पोस्टर चिकटवलं होतं. त्यावर कोट घातलेल्या, मिशीवाल्या म्हाताऱ्याचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. आमच्यातल्या कोणालाही तो कोण असेल याची क्षणभरही शंका आली नाही. विरारपासून पुण्यापर्यंतच्या माणसाला भिंतीवरचा हसरा फोटो कोणाचा असतो हे माहीत असतं. "इथला नगरसेवक," कोणीतरी म्हणालं. "वाढदिवस असेल," दुसरं कोणी म्हणालं. काकूंना हे फारच गोड वाटलं. त्यांनी कॅमेरा बाबांच्या हातात दिला, पोस्टरच्या एका बाजूला मला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःला उभं केलं. "हास गं जरा. साहेब बघ किती छान हसतायत." मी हसले.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि दार उघडलं. आतून माणसं हातांत फुलांची मोठमोठी गोल चक्रं घेऊन बाहेर येऊ लागली. चक्रांवर रेशमी पट्टे, पट्ट्यांवर सोनेरी अक्षरं. चौकात उभे असलेले गावकरी टाळ्या वाजवू लागले.

"लग्न!" काकू ओरडल्या. "बाई गं, लग्न आहे!"

सगळी टूर धावली. टाळ्यांत टाळ्या मिसळल्या. आमच्यापैकी एकाने तर शिट्टी मारली. काकूंनी माझा दंड धरला. "जा, त्या फुलांच्या बाजूला उभी राहा. ओढणी सरळ कर. आजच पाठवते त्याला. म्हणावं, इटलीतलं लग्न बघितलं, आता घरचं बघू." आणि बाबांना म्हणाल्या, "आता काय, आम्ही जवळजवळ ठरवलंच आहे."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "जा ना गं," ते म्हणाले. "उभी राहा ना."

मी आईकडे बघितलं. आई विहिरीपाशीच थांबली होती. तिने पदर डोक्यावरून घेतला होता आणि हात जोडले होते.

"अगो, मयत हाय," ती म्हणाली. गिरीजच्या ओट्यावरच्या आवाजात.

मग मलाही घंटा ऐकू आली. म्हणजे ती वाजतच होती, पण आता मी ऐकली. एक ठोका, मग मोठी शांतता, मग पुन्हा एक. लग्नाची घंटा अशी वाजत नाही. गिरीजच्या चर्चमध्ये अशी घंटा झाली की आजोबा वाडीतली मोटर बंद करायचे आणि रस्त्यावरचा सायकलवाला, हिंदू असो की ख्रिश्चन, सायकलवरून उतरायचा. कोण गेलं हे नंतर विचारायचं. आधी थांबायचं. लहानपणी खेळता खेळता आम्हीही थांबायचो.

"काकू, मी नाही उभी राहणार," मी म्हणाले.

"इश्श! लाजतेस काय एवढी!" त्यांनी मला पाठीत हलकेच ढकललं आणि बाबांकडून कॅमेरा घेऊन डोळ्याला लावला.

मी भिंगावर हात ठेवला. "कॅमेरा खाली घ्या. त्यांचं माणूस गेलंय."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे तोवर मलाही माहीत नव्हतं. आमच्या टूरच्या टाळ्या एकदम बंद पडल्या. पाठोपाठ चर्चच्या दारातून शवपेटी बाहेर आली, सहा जणांच्या खांद्यांवर, आणि गावकऱ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जोरात, रडत रडत.

"मयत आहे तर मग टाळ्या कसल्या वाजवतायत?" काकूंनी विचारलं. त्यांच्या स्वरात विजय होता.

"असेल त्यांची पद्धत," मी म्हणाले. "आमच्या गावात टाळ्या वाजवत नाहीत. पण मयतीपुढे उभं राहून फोटोही काढत नाहीत."

'आमच्या गावात' असं मी म्हणाले. बाबांनी कपाळाला हात लावला.

पेटीमागून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दोघांच्या आधाराने चालत होती. विहिरीपाशी आली तेव्हा तिने आईकडे बघून मान हलवली. आईनेही हलवली. दोघी जणी बाजारात भेटल्यासारख्या.

बसमध्ये काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. टूर मॅनेजरने माइकवरून माहिती दिली की इकडे कोणी वारलं की त्याचा फोटो छापून भिंतींवर लावतात. तेव्हा काकू उठून माझ्यापाशी आल्या आणि माझ्याकडे न बघता त्यांनी कॅमेरा पुढे केला. "ते पोस्टरचं... कसं काढून टाकतात गं?" इतक्या दिवसांत माझ्या शिक्षणाचा हा पहिलाच उपयोग. मी बटण दाबलं. फोटो तसा चांगला आला होता. आम्ही तिघंही मनापासून हसत होतो.

घरी परतल्यावर काही दिवसांनी काकूंचा फोन आला. आईने तो स्पीकरवर टाकला, कारण बाबा जवळच येरझाऱ्या घालत होते.

"पत्रिका पुन्हा दाखवली हो, जरा अडचण निघाली," काकू म्हणाल्या. "आणि खरं सांगू का ताई, राग मानू नका. मुलगी थोडी फटकळ वाटली. आम्हाला शांत हवी होती."

"राग कसला," आई म्हणाली. "पण फटकळ नाही हो ती. त्या दिवशी मोठ्यांपैकी कोणी बोलायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून ती बोलली."

पलीकडून "बरं, ठेवते" एवढंच आलं.

बाबा सोफ्यावर बसले. "अमेरिका गेली हातची."

"हातात कधी होती?" आईने विचारलं. मग ती माझ्याकडे वळली. "तुला हवा होता का गो तो?"

मध्यस्थाने विचारलं नव्हतं, बाबांनी विचारलं नव्हतं, बर्फाचे फोटो आवडणाऱ्या मुलानेही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले, म्हणजे बाबांनाही ऐकू जावं.