थाळीच्या पुढे गेलेला ठिपका

शिरड शहापूरच्या दीक्षाचे हात स्थिर होते, नजर पक्की होती, तरी उडत्या थाळ्या तिच्या छऱ्यांतून निसटत. नरसीजवळच्या माळावर निवृत्त सुभेदार व्यंकटरावांनी बंदुकीच्या सरावाचं मैदान केलं होतं. पाखरं मारायला बंदी. म्हणून यंत्रातून मातीच्या थाळ्या पाखरांसारख्या उडवायच्या आणि हवेतच फोडायच्या. पुण्याच्या स्पर्धेसाठी मुलींमधून एकीचीच निवड होणार होती. दीक्षाला जायचंच होतं. हिंगोलीच्या केतकीलाही.

थाळीच्या अजून पुढे मार, असं व्यंकटराव सगळ्यांना सांगत, तसं तिलाही सांगत. बहुतेकांचे छर्रे मागे पडतात. दीक्षा ऐकायची आणि आणखी चुकायची.

शेवटी त्यांनी तिच्या बंदुकीच्या नळीवर रेड डॉट बसवला. छोट्या काचेत एक लाल ठिपका. फक्त नेमबाजाला दिसणारा. ठिपका असेल तिथे छर्रे जातात. आधी ती त्या ठिपक्याकडेच बघत बसली, थाळी कधी गेली कळलंही नाही. दोन्ही डोळे उघडे ठेव, थाळी बघ, ठिपका आपसूक दिसेल, असं त्यांनी समजावलं. मग दिसला.

"काका, ठिपका लई म्होरं ऱ्हातो. हातभर."

"काहून?"

लहानपणापासून दीक्षा ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवत आली होती.

"आमच्या घरात पाखराला दगड लागू देत न्हाईत. म्होरून मारायचा, थवा वळवायचा. आईनं तसंच शिकवलं."

व्यंकटराव हसले. "मंग इतक्या लांबून थाळ्या वळवायला येऊन राहिलीस व्हय? माझंबी चुकलं. मी तुला अजून म्होरं ढकलत व्हतो."

त्या दिवसापासून तिने ठिपका थाळीच्या कडेजवळ आणायला सुरुवात केली. हाताची जुनी खोड सहज सुटेना, पण चूक आता डोळ्यांसमोर होती. थाळ्या फुटू लागल्या; निळ्या आभाळात काळी भुकटी क्षणभर तरंगायची आणि विरायची.

स्पर्धेत रेड डॉट चालत नाही. निवडीच्या सकाळी व्यंकटरावांनी तो उतरवला. दीक्षाने उघड्या नळीवर गाल टेकवला. थाळीच्या किती पुढे मारायचं, ते अंतर आता तिच्या खांद्यात उतरलं होतं.

केतकीही चांगली खेळली. दोघी बरोबरीत राहिल्या, तेव्हा जिची थाळी आधी न फुटता जाईल ती बाहेर, असं ठरलं. केतकीची थाळी अख्खी माळापलीकडे गेली. दीक्षाची डावीकडे झेपावली. तिने ती, वळवायची नसून जवळ येऊ द्यायची असल्यासारखी, शांतपणे नेमात धरली आणि फोडली.

केतकीने हात पुढे केला.

"जा पुण्याला. अन् माझ्या वाटच्याबी फोडून ये."

"फोडते," दीक्षा म्हणाली.