सोवळ्यातल्या चपला

कोऱ्या चामड्याचा वास आला की मला नाशिकचा गंगेचा घाट आठवतो. सत्याग्रहाचे दिवस होते. सकाळीच ओलं लुगडं नेसून, पूजेच्या परडीत फुलांखाली बंदी घातलेली पत्रकं लपवून मी पंचवटीतून निघाले होते. पुलाजवळ एका हवालदाराने परडीकडे हात केला. "सोवळ्यात आहे, शिवू नका," मी ठसक्यात म्हणाले. तो मागे सरला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, सोवळ्यात चपला? काढा आधी. पुढं फौजदार उभे हायेत, त्यांच्या लगेच ध्यानात येईल." आदल्याच दिवशी घेतलेल्या चपला तिथेच टाकून मी अनवाणी पूल ओलांडला. पत्रकं पोचली. पुढे स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मला मिळाला. त्या हवालदाराचं नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं.