सईनं आजोबांचं नाव सांगितलं

मी इचलकरंजी सोडली तेव्हा आप्पा फक्त एसटी स्टँडपर्यंत आले होते. मुलगी नोकरीला निघाली आहे, विमानतळापर्यंत वरात कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईनं पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि पदर डोळ्याला लावला. आप्पा दिवसभर यंत्रमागावर आणि संध्याकाळी लाल बावट्याच्या मोर्चात असणारे. त्यांनी खिडकीशी येऊन मोठ्यानं बजावलं, "पगार वेळेत झाला नाही तर एकटीनं भांडायला जाऊ नकोस. चौघी मिळून जा." अख्खी गाडी हसली आणि मी लाजून चूर झाले.

बहारीनला आल्यावर पगार वेळेत होत गेला, त्यामुळे चौघी जमवायची वेळच आली नाही. तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको, आणि जे तिथंच राहिले त्यांना सांगून पटणार नाही, पण परदेशात माणूस सगळ्यात आधी भांडायचं विसरतो. आमच्या गल्लीत आईचं आणि शेजारच्या काकूंचं नळावर रोज वाजायचं, आणि दुपारी दोघी एकाच पाटावर पापड लाटायच्या. इथं अदलिया भागातल्या ऑफिसात मी इतकी वर्षं अकाउंट्स सांभाळते, पण आजवर कुणावर आवाज चढवला नाही. 'नो प्रॉब्लेम', 'इंशाल्ला', 'खलास', एवढ्यावर दिवस निघतो. घरी नवरा मंगेश, पुण्याचा. तो भांडत नाही, नुसता गप्प बसतो. त्यापेक्षा भांडण परवडलं बाई कधी कधी!

गेल्या वर्षी आई गेली आणि मी हट्टानं आप्पांना हमद टाउनला आमच्या घरी घेऊन आले. व्हिजिट व्हिसावर. त्यांनी इथंच राहावं, असं मला फार वाटत होतं. तिकडं रिकाम्या घरात ते एकटे भात शिजवतात, या कल्पनेनं माझा जीव तुटायचा. पण विचारलं की म्हणायचे, "बघू." चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळायचे. टीव्ही लावायच्या आधी परवानगी विचारायचे. बॅग कपाटात रिकामी करते म्हटलं तर म्हणाले, "असू दे की. परत भरायचीच हाय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

संध्याकाळी फिरायला जायचे. सगळे चौक गोल आणि सगळे सारखे, त्यामुळे दोनदा हरवले. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, केरळी अण्णानं आणून सोडलं. त्याच्याकडून ते एक शब्द शिकले, 'मफी', म्हणजे नाही, संपलं. अण्णा दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत असतो म्हणे.

सई, आमची लेक, नववीत. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. आजोबांशी फार अदबीनं वागायची. "आजोबा, वुड यू लाइक सम टी?" आप्पा मला हळूच म्हणाले, "हॉटेलात उतरल्यासारखं वाटतंय गं."

अशात सईच्या शाळेतून निरोप आला. इतिहासाच्या बाई मूळच्या पूर्व युरोपातल्या. नववी-दहावीच्या मुलांनी दर वर्षी एक दिवस त्यांच्या लहानपणच्या साम्यवादी देशातलं रोजचं जगणं जगून बघायचं, असा त्यांचा प्रकल्प होता. फोन जमा करायचे, एकसारखे करडे टी-शर्ट घालायचे, ब्रेडसाठी कूपन घेऊन रांगेत उभं राहायचं. काही मुलांना गुपचूप खबऱ्याचं काम दिलेलं असणार, ते कोण हे बाकीच्यांना माहीत नाही. दुकानं चालवायला घरची मोठी माणसं हवी होती. मी उत्साहाच्या भरात आप्पांचं नाव दिलं आणि मग माझी झोप उडाली. कारण आप्पा हरखून गेले. "साम्यवाद? शाळेत? चांगली शाळा काढलीस की!" दाढी केली, पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. हे आता स्टेजवर चढून भाषण ठोकणार, अशी मला धास्ती. मी रजा टाकून पहाऱ्याला गेले.

भाषण झालं नाही. हॉलमध्ये बाकं लावून दुकानं केली होती, फळ्या रिकाम्या आणि प्रत्येक दुकानात खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, मोजकी पाकिटं. बाईंनी आप्पांना काम समजावलं, मी मराठीत सांगितलं. पहिल्या काही मुलांना एकेक खुबूस द्यायचा, मग संपलं म्हणायचं आणि रांग परत पाठवायची. आप्पांना तो एक शब्द येतच होता. "मफी!" ते असे ठसक्यात म्हणायचे की मुलं हसायची.

पण थोड्या वेळानं बघते तर ज्या दुकानात काहीच उरलं नव्हतं, तिथलीच रांग सगळ्यात लांब. बाईसुद्धा चक्रावल्या. मी जवळ गेले आणि कपाळावर हात मारला. तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडं किराणा दुकानात पोर आलं की दुकानदार त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतोच. सामान मिळो न मिळो, पोर रिकाम्या हातानं जात नाही. जेवणानंतर खायला आप्पांच्या खिशात कोल्हापुरी गुळाची पुडी असायची. तोंडानं 'मफी' आणि बाकाखालून गूळ, असं त्यांचं बिनधास्त चाललं होतं. अख्ख्या साम्यवादी देशात एकच काळाबाजारवाला निघाला, तो आमचा कॉम्रेड!

पुडी संपायच्या आत दंडाला लाल फीत बांधून पोलीस झालेली दोन मोठी मुलं आली आणि आप्पांना पकडून स्टेजमागच्या कोठडीत घेऊन गेली. आप्पा संपात खरोखरच्या कोठडीत बसून आलेले. त्यांनी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि भिंतीला टेकून मांडी घातली.

शेवटी सगळ्यांना गोल बसवलं. बाई त्यांच्या आईबद्दल बोलल्या. पहाटे रांगेत उभी राहायची, आणि घरात बोलताना रेडिओ मोठा करायची, कारण शेजारीण ऐकेल याची भीती. मी आप्पांच्या कानात मराठीत सांगत होते, ते मान खाली घालून ऐकत होते. मग बाईंनी खबऱ्यांना उभं राहायला सांगितलं. तिघं उठली, त्यात सई. कुणाचं नाव दिलंस, बाईंनी तिला विचारलं. "शॉप नंबर टू. माय ग्रँडफादर." खणखणीत आवाजात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. खलास, म्हटलं, आता हे काही राहत नाहीत.

गाडीत सई म्हणाली, "आय ॲम सॉरी, आजोबा." आप्पा म्हणाले, "नाही गं, काही नाही." दोघंही इतके सभ्य की मला गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. घरी मंगेश व्हिसाचे कागद काढून बसला होता. मुदत संपत आली होती. मी त्याला खुणेनंच गप्प केलं.

जेवताना आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "का गं, तुला दुसरं कुणी मिळालं नाही?"

"यू ब्रोक द रूल!"

"पोर माघारी चाललेलं बघायचं आणि गप्प बसायचं?"

"होय! तेच तर करायचं होतं! यू स्पॉइल्ड द होल थिंग!" सईचा आवाज चढला. "आणि तुम्हाला तो रेड फ्लॅग आवडतो ना? दॅट्स व्हॉट इट वॉज लाइक! ऐकलं ना मॅमच्या आईचं?"

मी मध्ये पडायला तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर केला.

"ऐकलं. वाईट वाटलं. त्या माउलीची रांग आम्हाला ठाऊक नव्हती, खोटं कशाला बोलू. पण आम्ही ब्रेडची लाइन मागत नव्हतो, आठ तासाची ड्युटी मागत होतो! तुझी आई शिकली ती त्यातनंच."

"मग तसं मला आधी सांगायचं ना! यू नेव्हर टेल मी एनीथिंग!"

"तू विचारलंस कधी? तू नुसतं चहा घेणार का म्हणून विचारतीस!"

"कारण तुम्ही गेस्टसारखे बसता!"

"आरं तिच्या!" आप्पांनी ताटाशेजारी थाप मारली, आमटी हिंदकळली. त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणीच कधी बोललं नव्हतं. मंगेशचा घास हातातच राहिला. आणि मला, खरं सांगते, इतकं बरं वाटलं! आमच्या गल्लीचा आवाज होता तो. पाहुण्यावर असं कुणी ओरडत नाही, आणि पाहुणाही असं ओरडून घेत नाही.

"पुढच्या वर्षी मी दुकानात बसणार नाही, सांगून ठेवतो," आप्पा गरजले. "लायनीत उभा राहणार. आणि तुझं नाव मी देणार!"

"द्या! आय डोन्ट केअर!"

पुढच्या वर्षी. मंगेशनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे पुसत त्याला मान हलवली, आणि तो उठून कागद घेऊन आला. त्या दोघांचं काही लक्ष नव्हतं, ते आता संप म्हणजे काय यावर तावातावानं आले होते.

सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईनं काळजीनं विचारलं, काल तुमच्याकडं एवढा आरडाओरडा कसला? काही झालं का?

"काही नाही," मी म्हटलं, "माझे वडील आमच्याकडं राहायला आलेत."