मुद्देमालातले कुंकू

दसऱ्याच्या आठवड्यात बाजारात झेंडूचे ढीग लागले की ती घटना हमखास आठवते. मी तेव्हा चोपडा तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नावे कोणाचीच देणार नाही. त्यातले काही जण अजून त्याच गावात राहतात.

घटस्थापनेला दोन दिवस होते. ऐंशी ओलांडलेले एक केळी बागायतदार पुतण्याला घेऊन ठाण्यात आले. गाव त्यांना आबा म्हणे, आम्हीही तेच म्हणत असू.

"साहेब, बंदूक चोरी गयी," ते अहिराणीत म्हणाले आणि बाकावर बसले.

ती रायफल आमच्या ठाण्याला चांगली माहीत होती. पीक संरक्षणाचा परवाना होता, तो वडिलांकडून त्यांच्याकडे आलेला. रायफल लिव्हर ॲक्शन पद्धतीची. चापाभोवतीची लोखंडी कडी हाच तिचा दांडा. तो खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि वर घेतला की पुढचे आत बसते. नेम धरलेला असताना बंदूक खांद्यावरून काढावी लागत नाही. आमच्या शस्त्रागारात तशी एकही नव्हती. निवडणुकीच्या काळात परवान्यावरची शस्त्रे ठाण्यात जमा होतात. ती आली की हवालदार आळीपाळीने तिचा दांडा खालीवर करून पाहत. आवाज घट्ट आणि मऊ होता, चांगल्या कुलपासारखा.

ती जमा असेपर्यंत आबा तेलाची बाटली आणि फडके घेऊन दर आठवड्याला ठाण्यात येत. हवालदार चिडवत, "आबा, सासरी दिलेल्या लेकीला किती वेळा भेटायला येणार?"

"सासर बरं ऱ्हातं तं येतू नही," आबा म्हणत.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. एका निवडणुकीनंतर रायफल परत नेताना नळीवर गंजाचा ठिपका आला होता. तो त्यांनी सर्वांना दाखवला होता.

रानडुकरांवर गोळी झाडण्याचे दिवस कधीच संपले होते. तिची काडतुसे बाजारात मिळत नव्हती, शिल्लक होती ती मोजकी. घड कापून झालेल्या केळीच्या खोडावर नेम धरायला आबांना आवडे. खोड मऊ असते, गोळी आतच राहते. छिद्रातून पाणी झिरपू लागले की नेम कुठे लागला ते लांबूनही दिसते. हे त्यांनी मला एकदा शेतावर नेऊन सांगितले होते. गोळी मात्र झाडली नाही. मी गणवेशात होतो.

फिर्याद लिहून घेताना नेहमीचा प्रश्न विचारला. संशय कोणावर?

आबा काही बोलले नाहीत. पुतण्या बोलला. "सालदार. दुसरं कोन? कपाटाची किल्ली त्याले माहीत शे. अन् कालपासून गायब शे."

सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राहणारा माणूस. आमच्याकडे त्याचे साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरते. हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा होता आणि आबांकडे त्याची कित्येक साले झाली होती. मी आबांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. मी लिहून घेतले.

सालदार पाड्यावरच सापडला. आई आजारी होती म्हणून गेलो, असे त्याने सांगितले आणि आई खरोखर आजारी होती. मात्र झोपडीच्या झडतीत एक रिकामे पितळी काडतूस मिळाले. त्याची बायको त्यात सुया ठेवत असे. काडतूस त्याच रायफलचे होते. हे कुठून आणले, असे विचारले.

"आबांनी दिलं. मागच्या साली," तो म्हणाला.

आबांना काडतूस दाखवले. त्यांनी ते बोटांत फिरवले आणि टेबलावर ठेवले. "ध्यानमा नही," ते म्हणाले.

त्या एका वाक्यावर सालदाराला अटक झाली. कोठडीत त्याची सविस्तर चौकशी झाली. खोटे बोलणारा माणूस दर वेळी हकिगत थोडी सुधारून सांगतो, हा अनुभव. हा दर वेळी तेच सांगत होता, तितक्याच शब्दांत. तेवढ्यावर न्यायालय कोणाला सोडत नाही. दसऱ्याच्या दिवशी तो आमच्याच कोठडीत होता. त्यानंतर त्याची रवानगी कारागृहात झाली. त्याची बायको ठाण्याच्या फाटकापाशी बसून राही.

"आई इचारते कुठं गेला," ती एकदा म्हणाली. "काय सांगू? आबानं काहीच नाही सांगितलं का तुम्हाला?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर लिहिलं असतं."

दिवाळी झाली. आबांच्या शेतावर ठिबकची दुरुस्ती करायला गेलेल्या एका फिटरने आमच्या बीट हवालदाराला गाठले. विहिरीजवळच्या जुन्या पीव्हीसी पाईपांच्या ढिगात एक पाईप असा आहे, की त्याला दोन्ही टोकांना झाकण आहे.

"पानीना पाईपले दोन्हीकडथून झाकन कोन लावस, भाऊ?" त्याने हवालदाराला विचारले.

पंचांसमक्ष झाकण काढले. आत जुन्या धोतरात गुंडाळलेली रायफल होती. गावात लगेच पसरले की सालदारानेच लपवली होती, बरे झाले पकडला ते. माझ्या कर्मचाऱ्यांचेही तेच मत होते. शेत त्याच्या राबत्यातले, पाईप त्याच्या हाताखालचे. खटला पक्का झाला होता.

पंचनामा सुरू असताना मी दांडा खाली ओढला. तो जरा अडला. सांध्यात कुंकू होते. काडतुसे भरायच्या फटीतही कुंकू आणि हळद तेलात कालवल्यासारखी बसली होती. धोतराच्या घडीत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या.

दसऱ्याला पोलीस ठाण्यातही शस्त्रपूजन होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराचा हवालदार रायफली पुसत बसतो आणि पूजा करणाऱ्याला शिव्या घालतो. कुंकू तेलात मिसळले की भेगांत शिरते आणि सहजी निघत नाही. वर्षभर राहिले तर काळे पडते. हे लाल होते. आणि आबांच्या रायफलमध्ये मागच्या दसऱ्याचे कुंकू राहणे शक्य नव्हते. ते महिन्याला ती खोलून पुसत.

म्हणजे चोरीची फिर्याद झाल्यावर कोणीतरी त्या रायफलची दसऱ्याची पूजा केली होती. सालदार त्या दिवशी माझ्या कोठडीत होता.

आबांना ठाण्यात बोलावले. रायफल टेबलावर ठेवली. गेलेली वस्तू परत मिळालेला माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, घरी कधी नेता येईल? आबांनी तो विचारला नाही. ते सांध्याकडे पाहत होते. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या, आबा," मी म्हणालो. "पुरावा आहे तो."

हात तिथेच थांबला.

"दसऱ्याला शेतावर गेला होतात?"

आबांनी रुमालाची घडी घातली. मग ते म्हणाले, "मन्हा बापनी एक दसरा चुकाडा नही. मी कसा चुकाडू?"

पुढचे त्यांनी न विचारता सांगितले. परवान्याच्या नूतनीकरणाची वैद्यकीय तपासणी झाली होती. हात थरथरतो, नजर अधू आहे, असा शेरा पडला होता. परवाना जाणार हे त्यांना कळले होते. मुलगा पुण्यात होता. वारस म्हणून परवाना घेशील का, असे फोनवर विचारल्यावर तो हसला होता. मग रायफल सरकारजमा होणार, गंजणार आणि शेवटी मोडीत निघणार. त्यांनी चोरीची फिर्याद देऊन तिला तेल पाजून पाईपमध्ये बंद केले. दसऱ्याला घाईघाईने पूजा उरकली. दुसऱ्या दिवशी पुसायला जायचे होते, पण तपासासाठी आमची माणसे शेतावर येऊ लागली आणि ते राहून गेले.

"आणि सालदार?" मी विचारले.

"मी त्यानं नाव लिधं का, साहेब?"

"नाही घेतलंत. पण तो नाही, असंही म्हणाला नाहीत. काडतूस तुम्हीच दिलं होतंत ना?"

"दिधं व्हतं," ते म्हणाले. "सुईसाठे मांगं त्यानी बायकोनी." मग म्हणाले, "मले वाटनं, पुरावा नही शे, चार दिवसमा सुटी जाई."

सालदाराविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि तो सुटला. तोवर त्याची आई गेली होती. आबांवर खोटी फिर्याद दिल्याचा आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कागदपत्रांवर सही करायला दोघे एकाच दिवशी ठाण्यात आले आणि व्हरांड्यात समोरासमोर पडले.

"ये कामाले," आबा म्हणाले. "साल पुरं व्हयनं नही तुन्हं."

सालदाराने त्यांना नमस्कार केला, सवयीने. "आबा, तुमना घर आते बंदूक नही," तो म्हणाला. "पुढली येळ काय चोरी जाई?"

हवालदारांपैकी कोणी हसले नाही. तो बायकोला घेऊन फाटकाबाहेर पडला.

सेवेत मी शेकडो फिर्यादी लिहून घेतल्या. खोटे बोलून दुसऱ्याला अडकवणारे लोक त्यात कमी भेटले. बहुतेक नुसते गप्प राहतात आणि उरलेले काम ठाण्याकडून होते. या प्रकरणानंतर संशयाचा प्रश्न विचारला की मी बोलणाऱ्याकडे न पाहता शेजारी बसलेल्याकडे पाहू लागलो. बदल्या होत गेल्या तशी ती सवयही कधी पाळली गेली, कधी नाही. आबा चांगले गृहस्थ होते, असे मला आजही वाटते. ते वाटणे काही कामाचे नाही.

बदलीपूर्वी मुद्देमाल तपासायला कोठीत गेलो. रायफल सुतळीने बांधून, चिठ्ठी लावून कोपऱ्यात उभी होती. खटला सुरू झाला नव्हता, त्यामुळे तिला तेल लावायचे नव्हते आणि काही पुसायचेही नव्हते. दांडा खाली ओढून पाहिला. तो अर्ध्यावर अडकला. सांध्यातले कुंकू होते तसेच होते आणि त्याच्या कडेने गंज धरला होता.